एक रकाना, हजार अर्ज

अर्ज या वस्तूविषयी आपण सहसा विचार करीत नाही. तो भरतो, त्यावर सही करतो आणि विसरून जातो. परंतु जन्माच्या नोंदीपासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत नागरिकाची आणि व्यवस्थेची गाठ पडते ती बहुधा अर्जाच्या उंबरठ्यावरच. शाळा, रेशन, पेन्शन, बँक, दवाखाना, मतदारयादी, यांतील प्रत्येक दाराशी एक कागद द्वारपालासारखा उभा असतो. आता हा कागद मोबाईलच्या पडद्यावर आला आहे. खिडकीपुढची रांग त्यामुळे पुष्कळशी कमी झाली हे खरे. पण खिडकीपलीकडचा कारकूनही त्याबरोबर गेला. ‘येथे आईचे नाव लिहा’, ‘ही तारीख चुकली आहे’, असे सांगणारे माणूस तेथे उरले नाही. ते काम आता पडद्यावरच्या रकान्यालाच करावे लागते. हा रकाना कसा घडवावा म्हणजे तो डोळसाला आणि अंधाला, तरुणाला आणि वृद्धाला सारखाच वापरता येईल, आणि एकदा नीट घडवलेला रकाना शेकडो अर्जांत पुन्हा पुन्हा कसा कामास येईल, हे आज पाहावयाचे आहे.

विषय नवा वाटला तरी त्यातील मूळ कल्पना आपल्या परिचयाची आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला अर्जाचा एक प्रकार ‘नमुना’ या नावाने ठाऊक असतो. ज्याला आपण सातबारा म्हणतो तो म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. सातव्यात जमिनीचा मालक कोण आणि तिच्यावर कोणाचा हक्क आहे ते असते. बाराव्यात पिकांची नोंद असते. गाव कोणतेही असो, मालकाचे नाव कोठे पाहावयाचे आणि पीक कोठे, हे वाचणाऱ्याला शोधावे लागत नाही. नमुना एकदा ठरला आणि गावोगाव वापरला गेला, हेच त्याचे सामर्थ्य. मोबाईलसाठी आज्ञावली लिहिणारे लोक ज्याला ‘पुनर्वापराचा घटक’ म्हणतात, तो तत्त्वतः यापेक्षा निराळा नाही.

या तत्त्वाचा भारतातील एक भव्य प्रयोग झाला तो कोलकात्यात. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली तेथे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली आणि १९५० साली राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणास आरंभ झाला. देशभरातील निवडक खेड्यांत आणि शहरांत जाऊन घरोघरची माहिती गोळा करावयाची, आणि त्यावरून साऱ्या देशाचे अनुमान बांधावयाचे, असे हे काम. माहिती विचारणारे अन्वेषक शेकडो, भाषा अनेक, आणि विषय दर फेरीला निराळा. कधी घरखर्च, कधी रोजगार, कधी आरोग्य. अशा वेळी प्रत्येक विषयासाठी प्रश्नावली मुळापासून नवी रचणे परवडले नसते. म्हणून या सर्वेक्षणाच्या प्रश्नावल्या ‘खंडां’च्या बनलेल्या असतात. आरंभीचे खंड कुटुंबाची ओळख, गाव, अन्वेषकाच्या भेटीचा तपशील यांसाठी राखलेले. ते बहुतेक सर्व प्रश्नावल्यांत जवळजवळ तसेच येतात. त्यांच्यापुढे विषयानुसार निराळे खंड जोडले जातात. आज अन्वेषकाच्या हाती कागदाऐवजी टॅबलेट आहे. पण खंडांची ही शिस्त कायम आहे. अन्वेषक एकदा खंड भरावयास शिकला, की दुसऱ्या फेरीत त्याला तो पुन्हा शिकावा लागत नाही, आणि आकडेमोड करणाऱ्याची फसगत होत नाही.

मात्र एक भेद येथे ध्यानात घ्यावयास हवा. सर्वेक्षणाचा कागद भरणारा अन्वेषक शिकलेला असतो. आपल्या मोबाईलवरचा अर्ज भरणारा नागरिक मात्र कोणीही असू शकतो. त्याला वाचता येत नसेल, दिसत नसेल, बोटे थरथरत असतील. ‘कोणीही’ या शब्दाचा अर्थ किती विस्तृत आहे याचा धडा दुसऱ्या एका बंगाली गृहस्थाने देशाला घालून दिला. पश्चिम बंगालचे मुख्य सचिव असलेले सुकुमार सेन हे स्वतंत्र भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३२ लाख मतदार होते, आणि १९५१ च्या जनगणनेप्रमाणे देशातील साक्षरता होती शेकडा १८ च्या आसपास. नाव वाचून खूण करावयास सांगितली असती, तर बहुसंख्य मतदार दाराबाहेरच राहिले असते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावण्यात आले. मतदाराने हाती आलेला कागद आपल्या पसंतीच्या चिन्हाच्या पेटीत टाकावा, एवढेच. लिहिणे नाही, वाचणे नाही. जगातील सुगम अर्जांच्या इतिहासात या पेटीला मानाचे स्थान द्यावयास हवे.

परंतु त्याच निवडणुकीत एका साध्या रकान्याने दार बंदही केले. मतदारयादी तयार होत असता काही प्रांतांतील स्त्रियांनी रूढीमुळे परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची पत्नी, तमक्याची आई, अशा त्यांच्या नोंदी झाल्या. मतदाराचे स्वतःचे नाव हवेच, असा सेन यांचा आग्रह होता, आणि तो रास्तही होता. नावे दुरुस्त करण्यासाठी काही ठिकाणी मुदत वाढवून देण्यात आली. तरीही सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे अखेर यादीत येऊ शकली नाहीत. प्रश्न योग्य असूनही तो विचारण्याची आणि उत्तर मिळवण्याची रीत अपुरी पडली, तर केवढी माणसे बाहेर राहतात, हे या आकड्यावरून कळते. ‘नाव’ हा अर्जातील सर्वांत साधा रकाना; पण तोही निरुपद्रवी नाही.

आता मोबाईलकडे वळू. डोळ्यांना दिसत नसताना माणूस काचेच्या सपाट पडद्यावर अर्ज कसा भरतो, अशी शंका पुष्कळांना येते. त्याचे उत्तर असे की, फोनवरील प्रत्येक पडद्याची दोन रूपे असतात. एक, डोळ्यांना दिसणारे रंगांचे आणि अक्षरांचे रूप. दुसरे, यंत्रणेच्या पोटात वंशावळीसारखे मांडलेले रूप. त्यात प्रत्येक वस्तूचे नाव काय, ती कोणत्या प्रकारची आहे, तिच्यात सध्या काय भरलेले आहे आणि तिची स्थिती कोणती, यांची नोंद असते. स्क्रीन रीडर नावाची आज्ञावली हे दुसरे रूप मोठ्याने वाचून दाखवते. अँड्रॉइड फोनवर तिला टॉकबॅक म्हणतात, आयफोनवर व्हॉइसओव्हर. २००९ च्या सुमारास दोन्ही प्रचारात आल्या. बोट उजवीकडे सरकवले की पुढची वस्तू ऐकू येते, दोनदा टिचकी मारली की ती उघडते. कुशल अंध व्यक्ती या रीतीने डोळसाइतक्याच सहजतेने फोन वापरते. अट एवढीच की, ते दुसरे रूप खरे असले पाहिजे.

आणि नेमके तेथेच घोटाळा होतो. कल्पना करा, एक अंध विद्यार्थिनी परीक्षेचा अर्ज भरावयास बसली आहे. पडद्यावर ‘नाव’, ‘जन्मतारीख’, ‘पत्ता’ ही अक्षरे रकान्यांच्या वर सुबक छापलेली आहेत. पण कोणते अक्षर कोणत्या रकान्याचे, हे यंत्रणेला कोणी सांगितलेलेच नाही. ती बोट सरकवते आणि तिला ऐकू येते: ‘रकाना’. पुन्हा सरकवते: ‘रकाना’. तिसऱ्यांदाही ‘रकाना’. दहा रकान्यांचा अर्ज तिच्यासाठी नावपाट्या नसलेल्या दहा दारांची चाळ होतो. त्यातून अंदाजाने भरून अर्ज पाठवला, तर चुकलेल्या रकान्याची कडा लाल होते; आणि तो लाल रंग तिला कोणीच वाचून दाखवीत नाही. दोष तिच्या दृष्टीचा आहे असे आपण म्हणतो. वस्तुतः तो रकाना घडवणाऱ्याचा आहे.

चांगल्या रकान्याची कर्तव्ये तशी थोडी आणि स्पष्ट आहेत. पहिले, त्याचे नाव कायम दिसले पाहिजे आणि यंत्रणेच्या पोटातही त्याच्याशी बांधलेले असले पाहिजे. रकान्याच्या आतच फिकट अक्षरांत नाव लिहून ठेवण्याची एक फॅशन आहे. पण पहिले अक्षर टंकताच ते नाव नाहीसे होते, आणि विसरभोळ्या माणसाला ‘मी येथे काय भरत होतो’ असा प्रश्न पडतो. दुसरे, रकाना सक्तीचा असल्यास तसे शब्दांत सांगावे. नुसत्या लाल तारकेवर विसंबू नये. तिसरे, अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा उजेड-अंधाराचा भेद पुरेसा असावा. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांनी साध्या अक्षरांसाठी तो निदान साडेचारास एक असा ठरवला आहे. चौथे, बोट ठेवण्याची जागा ऐसपैस असावी. अँड्रॉइडच्या नियमांप्रमाणे ती सुमारे ९ मिलिमीटर लांबरुंद हवी. पाचवे, चूक झाली तर काय चुकले आणि ते कसे सुधारावे, हे शब्दांत आणि आवाजातही सांगावे. ‘अवैध’ एवढे म्हणून भागत नाही; ‘पिन कोड सहा अंकी असतो, आपण पाच अंक लिहिले आहेत’ असे म्हणावे.

यातही तारतम्य लागते. प्रत्येक अक्षरागणिक रकाना चूक ओरडू लागला, तर फोन नंबरचे दोन आकडे टंकताच ‘नंबर अपुरा आहे’ असे ऐकावे लागते आणि माणूस बावचळतो. म्हणून रकाना सोडून पुढे गेल्यावरच तपासणी करावी. अर्ज पाठवताना चुका निघाल्या, तर त्या किती आहेत ते सांगून पहिल्या चुकलेल्या रकान्यापाशी माणसाला अलगद नेऊन सोडावे. आणि भरलेला बाकीचा मजकूर कदापि पुसू नये.

ही कर्तव्ये केवळ अंधांसाठी आहेत असा समज करून घेऊ नये. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख इतकी नोंदली गेली. ती काही थोडी नव्हे. परंतु कोलकात्याच्या भर गर्दीच्या बसमध्ये एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिकिटाचा अर्ज भरणारा मनुष्यही त्या क्षणी एकाच हाताचा धनी असतो. वैशाखातल्या उन्हात पडदा न दिसणारा डोळस हा घटकाभर मंददृष्टीच असतो. आणि वार्धक्य तर कोणालाच चुकलेले नाही.

आपल्या भाषांमुळे या कामात काही खास प्रश्न येतात. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर या भागांतील मराठी माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी देशभरच्या शहरांत पसरली आहेत. असा एखादा गलाईवाला कोलकात्यात राहून अर्ज भरू लागला, तर त्याचे नाव तीन पदांचे: स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव. त्याच्या बंगाली शेजाऱ्याचे नाव बहुधा दोन पदांचे. आणि आडनाव एका दाखल्यावर मुखोपाध्याय, तर दुसऱ्यावर मुखर्जी. दक्षिणेकडच्या कित्येकांना आडनावच नसते. ‘मधले नाव’ हा रकाना सक्तीचा केला, की शेजाऱ्याचा अर्ज अडलाच म्हणून समजा. म्हणून ‘पूर्ण नाव’ असा एकच प्रशस्त रकाना बहुतेक ठिकाणी बरा.

आकड्यांचेही तसेच. नव्याने कोलकात्यात गेलेल्या मराठी माणसाची हमखास फसगत करणारी एक गोष्ट म्हणजे बंगाली चारचा आकडा. तो हुबेहूब इंग्रजी आठासारखा दिसतो. डोळ्यांची ही फसगत यंत्राची होत नाही, कारण देवनागरी, बंगाली आणि इंग्रजी आकड्यांना संगणकात निरनिराळे संकेत दिलेले आहेत. मग आपल्या कळफलकावरून कोणी देवनागरीत ‘७००००१’ असा पिन कोड लिहिला, तर ‘फक्त अंक लिहा’ म्हणून त्याला का परतवावे? त्याने अंकच लिहिले आहेत. रकान्याने ते मुकाट्याने स्वीकारून आतल्या आत एका पद्धतीत बदलून घ्यावेत. तीच गोष्ट अक्षरांच्या उंचीची. देवनागरीला आणि बंगालीला वर वेलांट्या आणि खाली उकार असतात. इंग्रजी अक्षराच्या मापाने बेतलेल्या चौकटीत ते कापले जातात. आणि वृद्ध माणसाने अक्षर दुप्पट केले, तर चौकट वाढत नसल्याने अर्धी ओळच गडप होते. चौकटीने मजकुराप्रमाणे वाढावे; मजकुराने चौकटीप्रमाणे आखडू नये.

आता पुनर्वापराचा मुद्दा. समजा, एका अॅपमध्ये बारा अर्ज आहेत आणि प्रत्येकात दहा रकाने. वर सांगितलेली पाच कर्तव्ये प्रत्येक रकान्यासाठी निराळी पाळावयाची म्हटली, तर चुकण्याच्या जागा झाल्या सहाशे. घाईत असलेला प्रोग्रॅमर त्यांतील काही विसरणारच. याउलट रकाना हा एकच घटक म्हणून घडवला आणि तोच एकशेवीस ठिकाणी वापरला, तर सांभाळावयाच्या जागा उरतात पाच. अशा घटकाचे दोन भाग असतात. बदलणारा भाग म्हणजे रकान्याचे नाव, मदतीची सूचना, उत्तराचा प्रकार. हा वापरणाऱ्याने बाहेरून द्यावयाचा. स्थिर भाग म्हणजे नावाचे बंधन, आकारमान, रंगभेद, चूक सांगण्याची रीत. तो आत कुलूपबंद. चतुर कारागीर याहून पुढे एक पाऊल टाकतो. नाव दिल्याशिवाय घटक उभाच राहणार नाही, अशी तो रचना करतो. मग विसरणे हे कोणाच्या हातीच राहत नाही.

परंतु पुनर्वापर ही दुधारी तलवार आहे. साच्यात दोष असेल तर प्रत्येक विटेत तो उतरतो. एकाच घटकाच्या दोन प्रतींना चुकून एकच ओळखक्रमांक मिळाला, तर पहिल्याचे नाव दुसऱ्याला चिकटते आणि ‘फोन नंबर’ म्हणून ऐकलेल्या रकान्यात माणूस आपला नंबर भरतो, तो जातो पत्त्यात. असा एक दोष एकशेवीस ठिकाणी एकदम उगवतो. म्हणून पुनर्वापराचा घटक घडवणाऱ्याची जबाबदारी साध्या रकान्यापेक्षा किती तरी पटींनी मोठी असते. तो पारखावयाचा तर डोळे मिटून, स्क्रीन रीडर लावून, अक्षरे दुप्पट करून पारखावा. आणि अखेरची पारख, ज्यांना त्याची खरोखरी गरज आहे, अशा अंध आणि अपंग व्यक्तींकडूनच करून घ्यावी.

सर्वांनी मिळून एक साचा वापरण्याचे मोल अंधांना फार पूर्वीच कळले होते. कोलकात्यात लालबिहारी शाह यांनी १८९७ साली अंधशाळा काढली आणि बंगालीसाठी ब्रेल लिपी सिद्ध केली. इतर प्रांतांतही आपापल्या लिप्या निघाल्या. परिणामी एका प्रांतातील पुस्तक दुसऱ्या प्रांतातील अंधाच्या बोटांना मुके झाले. १९५१ साली भारताने सर्व भाषांसाठी एकच भारती ब्रेल स्वीकारली. तिच्यात मराठी ‘क’ आणि बंगाली ‘क’ दोन्ही त्याच दोन उठावदार बिंदूंनी लिहिले जातात, पहिला आणि तिसरा. मूळ घटक समान, त्यांतून रचलेली भाषा मात्र ज्याची त्याची. याहून चांगला आदर्श आपल्या घटकापुढे दुसरा कोणता ठेवावा?

ही सारी केवळ कारागिरीची सफाई आहे, असे मात्र कोणी समजू नये. बँकेत खाते उघडावयाचे किंवा सिमकार्ड घ्यावयाचे तर आता फोनपुढे चेहरा धरून ओळख पटवावी लागते. आणि समोर जिवंत माणूस आहे याची खात्री म्हणून काही अॅप डोळ्यांची उघडझाप करावयास सांगतात. अॅसिड हल्ल्यात पापण्या गमावलेल्या स्त्रीने उघडझाप कशी करावी? अंध माणसाने आपला चेहरा चौकटीत बसला की नाही हे कसे ओळखावे? अशाच याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निर्णय दिला. राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात अशा साधनांपर्यंत पोहोचण्याचा हक्कही अंतर्भूत आहे, असे सांगून न्यायालयाने ओळख पटवण्याची रीत सर्वांस सुगम करण्यासाठी २० निर्देश दिले. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने ही दिशा आधीच दाखवली होती. रकान्याचा प्रश्न आता घटनेच्या पानावर जाऊन पोहोचला आहे.

रकाना दिसावयास क्षुल्लक आहे. चार रेघांची एक चौकट. तिच्यावर दोन शब्द. पण तिच्यापाशी येऊन एखादी विद्यार्थिनी परीक्षेला बसते किंवा मुकते, एखाद्या वृद्धाला पेन्शन मिळते किंवा राहते. पहिल्या निवडणुकीतील चिन्हाच्या पेटीने कोट्यवधी निरक्षरांना आत घेतले. त्याच निवडणुकीत नावाच्या एका नोंदीपायी २८ लाख स्त्रिया बाहेर राहिल्या. दोन्ही वेळा माणसांत फरक नव्हता. रकाना नीट घडवण्याचे श्रम एकदाच करावे लागतात. तो जितक्या अर्जांत जातो तितक्या वेळा त्या श्रमांचे फळ मिळत राहते, आणि ते श्रम चुकवले तर तितक्याच वेळा कोणी तरी दारातून परत फिरते.